घड्याळआजोबांचे किडे

घड्याळजींना सगळ्यात जास्त राग आला तो त्या नावाचा. नात बोलायला लागली तेव्हापासून ते तिचे आजोबा होते. नुसते आजोबा. मागे काही नाही, पुढे काही नाही. मग व्याह्यांनी ती काचेची टाकी आणली, बैठकीच्या खोलीत टेबलावर मांडली, तिच्यात रंगीत शेपट्यांचे गप्पी मासे सोडले, आणि त्याच संध्याकाळी नात जिन्यात मैत्रिणीला सांगत होती, "अगं, मासेआजोबांनी दिलेत. घड्याळआजोबांनी नाही काही."

घड्याळजी जिन्याखालीच उभे होते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाहुण्याला ओळखता यावं म्हणून घरच्या माणसाच्या गळ्यात पाटी अडकवायची, हा कुठला न्याय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मग काय बिनमाशांचे आजोबा म्हणायचं तुम्हाला?" बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. तिच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा करणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, तरी दर वेळी विचारायला जातच.

दुकान घराच्या खालीच होतं. रस्त्याकडे उघडणारी एक खोली, भिंतीभर घड्याळं, त्यातली बरीचशी आपापल्या मर्जीची वेळ दाखवणारी. खिडकीपाशी कामाचं टेबल आणि टेबलाला लागून एक उंच लाकडी स्टूल. ते स्टूल नातीचं. घरात तिला सगळे मिनिट म्हणत, कारण जेवायला बोलवा, अभ्यासाला बोलवा, तिचं उत्तर ठरलेलं, "एक मिनिट." शाळेतून आली की दप्तर जिन्यात भिरकावून मिनिट स्टुलावर चढायची, आजोबांचं जुनं भिंग डोळ्याला लावायची आणि बशीतले स्क्रू लहान-मोठे वेगळे करत बसायची. तोंडाची टकळी चालूच. कोण कोणाशी कट्टी, कोणाच्या डब्यात काय, बाई कोणावर ओरडल्या. घड्याळजी हूं हूं करत ऐकायचे. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तरी "जरा वेळानं या" म्हणून वाटेला लावायचे. दिवसभर वाकून काम करायचं ते या दुपारसाठी, असं ते कोणाला बोलून दाखवत नसत, पण होतं तसंच.

टाकी आली आणि स्टूल रिकामं पडलं. मिनिट दप्तर टाकायची आणि धाडधाड वर पळायची. वर टाकीसमोर मांडी ठोकून बसायची आणि फोनवर मासेआजोबांना सांगायची, आज काळ्याने निळ्याला हाकललं, आज जाडी पानाआड लपली. तिचं हसू जिन्यावरून गडगडत खाली यायचं आणि घड्याळजींच्या हातातला स्क्रू नेमका त्याच वेळी निसटून जमिनीवर पडायचा.

व्याही म्हणजे सुनेचे वडील. सून त्यांना दादा म्हणे. सगळी हयात त्यांनी मोठमोठ्या बोटींच्या इंजिनांच्या पोटात काढली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहत. माणूस आडवातिडवा, आवाज असा की कपाटातले कप वाजावेत. दर रविवारी टाकीचं पाणी बदलायला यायचे. नळीचं एक टोक टाकीत, एक तोंडात, आणि पाणी ओढायला म्हणून असा दम भरायचे की घोटभर तोंडात जायचंच. मग तोंड वाकडं करून म्हणायचे, "आज माशांनी मीठ कमी घातलंय." मिनिट पोट धरून जमिनीवर लोळायची.

घड्याळजी दारातून पाहत असत. इतकी वर्षं आपण हिला स्क्रू निवडायला शिकवलं, वंगणाचा थेंब किती लहान असतो ते शिकवलं, आणि पोरगी घाण पाण्याची चूळ भरण्यावर खूश. असं असतं हे आधी कोणी सांगितलं असतं, तर आपणही दोन चुळा भरल्या असत्या.

हे सरळच सांगायला हवं की घड्याळजी जळत होते. आतून-बाहेरून, दिवसरात्र. त्या जळण्यात त्यांनी एक उद्योगही आरंभला. बैठकीत कोणी नसलं की ते टाकीपाशी जायचे आणि खाद्याच्या डबीतली चिमूट पाण्यात सोडायचे. मासे आपल्याला पाहून धावत आले पाहिजेत आणि ते मिनिटने बघितलं पाहिजे, एवढाच हेतू. मासे धावायला लागलेही. एक दिवस त्यांनी मुद्दाम मिनिटसमोर जाऊन दाखवलं. ती म्हणाली, "मासेआजोबा आले ना, की याहून जोरात येतात." दुसऱ्या दिवसापासून घड्याळजींनी चिमूट मोठी केली.

आणि मग एका सकाळी सून किंचाळली.

सून दवाखान्यात परिचारिका होती. रक्त, जखमा, टाके यांना न घाबरणारी बाई टाकीपासून दोन हात लांब उभी राहून बोट दाखवत होती. काचेच्या आतल्या बाजूला पांढुरके, चपटे, बोटाच्या नखाएवढेही नसलेले किडे हळूहळू सरकत होते. एक, दोन, मग नजर बसली की सगळीकडेच.

"जंत झालेत टाकीत! माझ्या घरात जंत!"

"जंत नाहीत गं, साधे किडे आहेत," घड्याळजींची बायको म्हणाली.

"साधे की वेडेवाकडे, मला ठाऊक नाही. मिनिटच्या परीक्षा संपेपर्यंत मुदत. शेवटच्या पेपरच्या दिवशी एक जरी किडा दिसला तरी टाकी दादांच्या घरी जाईल. त्यांची हौस, त्यांनी निस्तरावी."

मिनिटने जराही रडारड केली नाही. तीच तर पंचाईत झाली. "चालेल," ती म्हणाली. "मग मी शाळेतून रोज तिकडेच जाईन. आमची बस त्यांच्या दारावरूनच जाते."

"जा की. इथं तरी दुपारभर काय उजेड पाडतेस?" आई म्हणाली.

घड्याळजी मनात हिशेब मांडू लागले. आत्ता निदान पोरगी वरच्या मजल्यावर तरी होती. हसण्याचा आवाज तरी कानावर पडत होता. टाकी गेली की तिच्यामागोमाग दुपारही जाणार, गावाच्या त्या टोकाला, त्या कप वाजवणाऱ्या आवाजाच्या माणसाकडे.

"मासेआजोबांना विचारूया ना, किडे कसे घालवायचे," मिनिटने फोन उचलला.

"काही गरज नाही!" घड्याळजी इतक्या जोरात म्हणाले की सगळ्यांनी वळून पाहिलं. "एवढ्याशा किड्यांसाठी त्यांना कशाला त्रास? कळवायचंसुद्धा नाही. मी आहे ना घरात."

त्या दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, आपली हत्यारं रुमालात गुंडाळून वर नेली. भिंग, सगळ्यात बारीक टोकाचा चिमटा आणि घड्याळाची पाठ उघडायची पातळ पाती. टाकीसमोर बसून भिंग डोळ्याला लावलं. लहान जिनसांशी त्यांचं जन्माचं नातं. त्यांना त्या किड्याचं त्रिकोणी डोकं दिसलं, डोक्यावरचे दोन ठिपके दिसले.

आणि चमत्कार झाला. मिनिट दुसरं भिंग घेऊन शेजारी येऊन बसली.

"आजोबा, याचे डोळे बघा. तिरळा आहे हा!"

आजोबा. नुसते आजोबा. घड्याळजींनी सुखाने पाती काचेवरून नेमकी फिरवली आणि किड्याचे दोन तुकडे केले. तुकडे गरगरत खालच्या वाळूत पडले.

"मेला?"

"दोन तुकडे झाल्यावर कोण जगतं?" घड्याळजी म्हणाले. घड्याळाची कमान, आतली ती स्प्रिंग, तुटली की घड्याळ संपलं, हे त्यांना माहीत होतं, आणि जगातल्या सगळ्याच वस्तूंचं तसंच असणार यात त्यांना शंका नव्हती.

त्या दिवशी त्यांनी दिसेल तो किडा कापला. चिमट्यात धरायचा, पातीने दोन भाग, पुढचा. मिनिट मोजायला बसली आणि मोजता मोजता कंटाळली, पण उठून गेली नाही. शाळेतल्या सगळ्या बातम्या सांगून झाल्या. रात्री जेवताना घड्याळजींनी दोन घास जास्त खाल्ले.

"भलतीच भूक?" बायको म्हणाली.

"मेहनतीचं काम आहे," ते म्हणाले.

दोन-तीन दिवस असेच मजेत गेले. पण किडे काही कमी होईनात. उलट पहिल्यापेक्षा जास्तच दिसायला लागले. काचेवर, दगडावर, पानांवर, नळीवर. काही बुटके होते, काहींची शेपटी फिकी. घड्याळजी दुप्पट जोमाने कापायला लागले. किडे चौपट झाले. परीक्षा सुरू झाली. मिनिट पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत बसू लागली, आणि एक दिवस दारातून डोकावून म्हणाली, "घड्याळआजोबा, तुम्हाला नाही जमत आहे. मासेआजोबांना विचारूया ना."

पुन्हा पाटी गळ्यात.

घड्याळजींचं डोकं भडकलं आणि त्या भडक्यात त्यांना सगळं लख्ख दिसलं. हे किडे आले कुठून? व्याही गेल्या वेळी टाकीत लावायला हिरवी रोपं घेऊन आले होते ना! त्या रोपांबरोबरच आले असणार. आणि चुकून आले की मुद्दाम? टाकी आपल्या घरी परत यावी, टाकीबरोबर नात यावी, असा त्यांचा डाव नसेल कशावरून? हसऱ्या तोंडाचा माणूस, पोटात काय आहे कोणाला ठाऊक. घड्याळजींनी ठरवलं, पुरावा जपून ठेवायचा आणि येत्या रविवारी तोंडावर फेकायचा. त्यांनी एक चांगला जाडजूड किडा निवडला. सवयीने त्याचेही दोन तुकडे केलेच. दोन्ही तुकडे घड्याळाच्या खोलगट काचेत टाकीच्या चमचाभर पाण्यात ठेवले, वर उलटी वाटी घातली आणि दुकानात फळीवर सरकवून दिले.

तो रविवार चुकला. व्याह्यांचा गुडघा धरला होता, म्हणून ते आलेच नाहीत. घड्याळजींना बरंही वाटलं आणि चुटपुटही लागली. वाटीखालचं पाणी आटू नये म्हणून ते रोज थेंबभर घालायचे आणि आत न बघताच वाटी झाकायचे, कारण आत बघितलं की व्याही आठवत.

मिनिटचे दोनच पेपर राहिले होते, तेव्हा एका सकाळी त्यांनी वाटी उचलली आणि भिंग लावून आत पाहिलं.

आत दोन किडे होते. पुरते, धडधाकट, टोकाला टोक लावून आरामात फिरणारे. घड्याळजींनी डोळा चोळला, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. ज्या तुकड्याला नुसती शेपटी होती त्याला आता डोकं होतं, आणि डोक्यावर दोन नवेकोरे तिरळे डोळे. ते थेट घड्याळजींकडे बघत होते.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. सगळे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. चिमटा, पाती, दोन तुकडे, पुढचा. व्याह्यांनी किडे पाठवले असतील नसतील, पण आज टाकीत जी जत्रा भरली होती ती सगळी घड्याळजींच्या हाताची होती. इतकं चोख काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. जितकं जळले तितके किडे वाढले.

"काय झालं? चेहरा का पडलाय?" चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं.

"काही नाही. एक घड्याळ चालू झालं."

"मग तोंड का पाडलंय?"

चहा पिता पिता ते स्टुलाकडे बघत होते. स्टुलाच्या पायाला मिनिटने पेन्सिलने काढलेला एक मासा होता. टाकी येण्याच्याही आधीचा, एका डोळ्याचा. त्यांनी तो कधी पुसला नव्हता. एकीकडे स्वतःचं वर असलेलं नाक होतं आणि एकीकडे ते स्टूल. दोन्ही वाचणार नव्हतं. त्यांनी चहा संपवला, घड्याळाची काच लहानशा डबीत ठेवली, डबी खिशात घातली आणि व्याह्यांकडे जाणारी बस पकडली.

त्या घरी ते एकटे कधी गेले नव्हते. नेहमी सगळं कुटुंब मिळून जायचं, बाहेरच्या खोलीत बसायचं, चहा घेऊन निघायचं. दार वाजवल्यावर आतून बरीच खुडबुड ऐकू आली. मग दार उघडलं.

"व्याही! तुम्ही?" कप वाजवणारा आवाज आज चक्क बारीक झाला होता. "सगळे बरे आहेत ना घरी? मिनिट बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. आत येऊ का?"

आतल्या टेबलावर घाईघाईने चादर टाकलेली होती आणि चादरीखाली उंचसखल काहीतरी होतं. घड्याळजींना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण त्यांची नजर व्याह्यांच्या बाहीवर गेली आणि तिथेच अडकली. बाहीच्या लोकरीत घड्याळाचा मिनिटकाटा अडकला होता.

घड्याळजींनी काही न बोलता खिशातला चिमटा काढला, काटा अलगद सोडवला आणि व्याह्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

व्याह्यांनी मोठा सुस्कारा टाकला आणि चादर ओढली.

टेबलावर घड्याळांची कत्तल झाली होती. दुसरा शब्द नाही. पाठी स्वयंपाकघरातल्या सुरीने उचकटलेल्या, तबकड्यांवर ओरखडे, चाकं विस्कटलेली, आणि केसाइतक्या बारीक कमानी गुंतवळासारख्या गोळा होऊन पडलेल्या. घड्याळजींच्या तोंडून "अरेरे" निघून गेलं. आपला एखादा नातलग जखमी पडलेला दिसावा तसं त्यांना झालं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"शिकत होतो," व्याही म्हणाले. त्यांनी आपली जाडजूड बोटं पसरून दाखवली. "जुन्या बाजारातून बंद पडलेली घड्याळं आणली. म्हटलं, बोटीचं इंजिन उघडून जोडलंय आपण, हे केवढंसं. एकही जोडता आलं नाही. निम्म्यांचे स्क्रू कुठं गेले तेसुद्धा ठाऊक नाही. परवा एक चहात सापडला."

"पण कशासाठी?"

व्याही खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली.

"मिनिट इथं आली की काय बोलते माहीत आहे? आजोबा असं करतात, आजोबा तसं करतात. आजोबांनी न दिसणारा स्क्रू शोधून दिला. मी एकदा विचारलं, कोणते आजोबा गं? तर म्हणाली, आजोबा म्हणजे आजोबा. म्हटलं, मग मी कोण? तर म्हणते कशी, तुम्ही आईचे बाबा."

घड्याळजींनी हातातला मिनिटकाटा अलगद टेबलावर ठेवला.

"आईचे बाबा! शेजाऱ्याला म्हणावं तसं. तुमच्या त्या दुकानाचा, त्या स्टुलाचा मला इतका राग यायचा व्याही, की काय सांगू. म्हटलं आपणही घड्याळं शिकू. ते जमेना, तेव्हा मासे आणले. मला माशांतलं काही कळत नव्हतं हो. तिनं दुपारी विचारायचं म्हणून मी सकाळभर वाचून ठेवायचो. पण मासे आणले त्याच दिवशी पोरगी मला मासेआजोबा म्हणाली. मासे का असेनात, शेवटी आजोबा तर आहे."

खरं सांगायचं तर घड्याळजींना प्रथम गुदगुल्याच झाल्या. इतके दिवस आपण ज्याच्यावर जळत होतो तो माणूस त्याआधीपासून आपल्यावर जळत होता, ही बातमी त्यांनी गोळीसारखी तोंडात घोळवली. मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीपाशी एक नवंकोरं उंच स्टूल होतं. अजून त्याच्यावरचा कागदही काढला नव्हता. गोळीची चव गेली.

त्यांनी खिशातून डबी काढली, काच टेबलावर ठेवली आणि भिंग व्याह्यांच्या हातात दिलं.

"टाकीत झालेत. आधी थोडे होते. मी कापले."

"कापले?"

"पातीने. एकेक धरून. दोन दोन तुकडे."

व्याह्यांनी काचेत पाहिलं. "किती कापलेत?"

"दिसले तितके. रोज."

व्याह्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. मग तो आवाज फुटला आणि टेबलावरची चाकंसुद्धा थरथरली. घड्याळजी लालबुंद झाले. "हसू नका! तुमच्यासारखा खुनी तरी नाही मी. तुम्ही इतकी घड्याळं मारलीत, मी निदान वाढवले!"

यावर व्याह्यांना ठसकाच लागला. घड्याळजींनी त्यांना पाणी दिलं, आणि पाणी देता देता आपणही हसत आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

मग कामाचं बोलणं झालं. घड्याळजींनी सुनेने घातलेली मुदत सांगितली. व्याह्यांनी वाचलेलं सगळं सांगितलं. किडा कापायचा नाही, चिरडायचा नाही. उरलेल्या खाण्यावर ते पोसतात, तेव्हा आधी खाणं तोडायचं. वाळूत साठलेली घाण नळीने ओढून काढायची. आणि एक लहान बाटली घ्यायची, तिला किडा आत जाईल पण मासा जाणार नाही अशी बारीक भोकं पाडायची, आत कच्च्या मांसाचा तुकडा ठेवून संध्याकाळी टाकीच्या तळाशी सोडायची. सकाळी किड्यांसकट उचलायची.

"भोकं पाडणं माझ्याकडे लागलं," घड्याळजी म्हणाले.

"आणि मी रोज येतो. दुखू दे तो गुडघा." व्याही जरा थांबले. "पण व्याही, किडे गेले तर टाकी तुमच्याकडेच राहणार. माझ्याकडे नाही यायची."

"तुम्ही या ना," घड्याळजी म्हणाले. असं काही आपण म्हणू हे त्यांना घरून निघताना पटलं नसतं.

खाद्याची डबी दुकानातल्या कुलपाच्या खणात गेली. तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. सून कामावर जाताना चिमूट टाकत होती, मुलगा कामावरून आल्यावर टाकत होता, मिनिट तर येता-जाता टाकत होती. घड्याळजींच्या बायकोने शपथेवर सांगितलं की तिने डबीला हात लावलेला नाही, आणि नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळजींनी खणाची किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "चालायचंच. होतं असं."

घड्याळजींनी बारीक गिरमिटाने बाटलीला भोकं पाडली. पहिल्या सकाळी बाटली वर काढली तेव्हा आत किड्यांचा गोळा वळवळत होता. सून बघायला थांबली नाही. व्याह्यांनी बाटली उकळत्या पाण्यात रिकामी केली, घड्याळजींनी नवा तुकडा घातला. दुसऱ्या सकाळी निम्मे झाले. पुढे चिमूटभरही निघेनात. शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळी सुनेने विजेरी घेऊन काच तपासली, पानं उलटून पाहिली, वाळू चमच्याने ढवळली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहू दे टाकी."

बातमी मिनिटला तिची आईच शाळेच्या फाटकापाशी सांगणार होती. दोन्ही म्हाताऱ्यांना वर करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते खाली दुकानात आले. व्याह्यांनी त्या कत्तलीतलं एक कमी जखमी घड्याळ बरोबर आणलं होतं.

"बसा," घड्याळजी म्हणाले. टेबलापाशी त्यांच्या खुर्चीखेरीज बसायला एकच जागा होती. व्याही कसेबसे त्या उंच स्टुलावर चढले. घड्याळजींनी टेबलावरचं जुनं भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि चिमटा त्या गाजरासारख्या बोटांत दिला.

"दाबू नका. चिमटा धरायचा, गळा नाही. आता श्वास रोखा."

व्याह्यांनी श्वास रोखला. स्क्रू भोकाच्या तोंडापाशी गेला, जाऊन परत आला, आणि टुणकन उडून कुठल्याकुठे गेला.

"संध्याकाळी चहात बघू," घड्याळजी म्हणाले, आणि दोघंही असे हसले की भिंतीवरचं एक बंद घड्याळ क्षणभर टिकटिकलं.

हसू ओसरलं तेव्हा दारात मिनिट उभी होती. दप्तर अजून खांद्यावरच होतं. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"पेपर कसा गेला?" व्याह्यांनी विचारलं. "वर जाऊन बघ, टाकी कशी झालीय! आईनं सांगितलं ना?"

"सांगितलं." ती हलली नाही. तिची नजर स्टुलावर होती. मग व्याह्यांच्या डोळ्यावरच्या भिंगावर गेली. मग बशीतल्या स्क्रूंवर, जे तिने लहान-मोठे निवडून ठेवले होते आणि आता एकत्र कालवलेले होते. तिचे कान लाल होत गेले. ओठ घट्ट मिटले.

घड्याळजींनी तो चेहरा लगेच ओळखला. गेले कित्येक दिवस दाढी करताना तोच तर आरशात दिसत होता.

"आजोबा," ती म्हणाली, "ते माझं स्टूल आहे."

दोघांनीही माना वर केल्या.

"कोणत्या आजोबांना म्हणतेस?" व्याह्यांनी जपून विचारलं.

"दोघांना!" ती ओरडली. "आणि ते भिंग पण माझं आहे. आणि मी नसताना तुम्ही दोघं कशाला हसत होतात? मला पण सांगा. आणि उठा!"

व्याही गडबडीने उतरायला लागले. घड्याळजींनी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. नेमका दुखरा होता, तरी व्याही बसून राहिले. इतके दिवस त्यांनी दोघांनी मिळून जे सोसलं होतं ते आता समोर उभं राहून पाय आपटत होतं, आणि तेही त्यांच्यासाठी. हे सुख इतक्यात संपवणं घड्याळजींच्या जिवावर आलं. त्यांनी दुसरं भिंग सावकाश पुसलं, डोळ्याला लावलं आणि घड्याळावर वाकले.

"एक मिनिट," ते म्हणाले.